नाक न दाबता कान उघडणे

उन्हाळ्याच्या सुटीत गावच्या विहिरीवर मुले एक खेळ हमखास खेळतात. कुणीतरी नाणे किंवा पांढरा दगड पाण्यात टाकायचा आणि बाकीच्यांनी सूर मारून तो तळातून काढून आणायचा. पाणी दोन-अडीच पुरुष असेल तर बरीच मुले अर्ध्यातूनच परत फिरतात. त्यांचा दम संपलेला नसतो, कानात कळ आलेली असते. काही जण मध्येच नाक चिमटीत धरतात, जोर करतात, कान मोकळे करतात आणि मग तळ गाठतात. एखादाच मुलगा असा निघतो की दोन्ही हात पुढे ताणून सरळ खाली जातो आणि नाणे घेऊन येतो. त्याला विचारले तर तो म्हणतो, ''माझे कान दुखतच नाहीत.'' त्याचे कान इतरांसारखेच असतात. तो नकळत एक गोष्ट करत असतो आणि ती कशी होते हे समजून घेण्यासारखे आहे.

दाबापासून सुरुवात करू. कानाच्या पडद्याचा जो भाग प्रत्यक्ष काम करतो त्याचे क्षेत्रफळ साधारण ०.५५ चौरस सेंटिमीटर असते. एक मीटर खोलीवर या भागावर पाण्याचा किती भार येतो? तेवढ्या क्षेत्रफळाचा १०० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ डोळ्यांसमोर आणा. त्याचे आकारमान ५५ घन सेंटिमीटर, म्हणजे वजन ५५ ग्रॅम. तीन मीटरवर हा भार १६५ ग्रॅम होतो. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास असते. इतक्या पातळ पडद्यावर एका बाजूने दीडशे ग्रॅमहून अधिक भार, आणि आतून त्याला तोलून धरणारे काही नाही! कळ येते याचे नवल वाटायला नको.

शरीराच्या इतर भागांवरही हाच दाब असतो, मग तिथे का दुखत नाही, असा प्रश्न वर्गात येतोच. मांस, रक्त, हाडे यांवर दाब सर्व बाजूंनी सारखा येतो आणि ती जवळजवळ दाबली जात नाहीत. अडचण येते ती हवेच्या पोकळीत. पडद्यामागच्या मध्यकर्णात हवा असते. पोहणारा खाली जातो तसा बाहेरचा दाब वाढतो, पण आतली हवा पृष्ठभागावरच्या दाबालाच अडकून राहते. दुखतो तो या दोन दाबांतला फरक.

हा अनुभव पाण्यात न उतरताही येतो. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला येताना कानाला दडे बसतात. घाटमाथा आणि पायथा यांच्या उंचीत सुमारे ५५० मीटरचा फरक आहे. तेवढ्या हवेच्या थराने दाबात जो फरक पडतो तो पाण्याच्या अवघ्या ६० सेंटिमीटरच्या आसपास भरतो! बस तो फरक वीस-पंचवीस मिनिटांत पार करते. सूर मारणारा मुलगा तो एका सेकंदात पार करतो. बसमध्ये आपण आवंढा गिळतो, 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि कान मोकळा होतो. गिळताना नाकाला हात लावावा लागत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवू.

मध्यकर्णापासून नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागापर्यंत एक नळी येते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. प्रौढ माणसात तिची लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडात कोरलेला असतो आणि तो कायम उघडा राहतो. घशाकडचा दोन तृतीयांश भाग मऊ असतो. त्याची एक बाजू कूर्चेची, वरून आकड्यासारखी वळलेली, आणि दुसरी बाजू नुसत्या पडद्याची. हा मऊ भाग एरवी मिटलेला असतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ही नलिका पाण्याच्या नळासारखी उघडी काढलेली असते. आमच्या मते विद्यार्थ्यांच्या मनातला अर्धा गोंधळ त्या आकृतीमुळेच होतो.

मिटलेली मऊ नळी कशी वागते हे पाहायला खर्च येत नाही. गोठवलेल्या रंगीत सरबताची लांबट प्लॅस्टिकची पिशवी, जिला मुले 'पेप्सी' म्हणतात, ती रिकामी करून धुऊन घ्या. दोन्ही टोके कापा म्हणजे पातळ, चपटी नळी मिळेल. तिचे एक टोक शहाळे पिण्याच्या जाड स्ट्रॉवर चिकटपट्टीने हवाबंद बसवा. दुसरे टोक मोकळे लोंबू द्या. पिशवी आतून थोडी ओली करा. आता स्ट्रॉमधून फुंका. पिशवीच्या भिंती दूर होतात आणि हवा सहज बाहेर जाते. मग स्ट्रॉमधून हवा ओढून पाहा. भिंती एकमेकींना चिकटतात, आणि जितक्या जोराने ओढाल तितक्या त्या घट्ट चिकटतात.

स्ट्रॉ म्हणजे मध्यकर्ण आणि मोकळे टोक म्हणजे घसा असे माना. पाण्यातून वर येताना मध्यकर्णातली हवा प्रसरण पावते आणि मऊ भिंती दूर सारून आपोआप बाहेर पडते. ही झाली फुंकर. खाली जाताना मध्यकर्णातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे नलिका आतून ओढली जाते आणि बंद होते. म्हणून वर येताना सहसा काही करावे लागत नाही, खाली जाताना मात्र काहीतरी करावेच लागते.

याच साधनाने आणखी एक प्रयोग करा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. पिशवीच्या दोन भिंती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून आधीच थोड्या दूर ओढून ठेवा आणि मग स्ट्रॉमधून हवा ओढा. हवा येते. आता उलट करा. आधी जोरात हवा ओढा, भिंती चिकटू द्या आणि मग त्या दूर करायचा प्रयत्न करा. हे बरेच अवघड जाते. माणसाच्या नलिकेतही असेच होते. दोन्हीकडच्या दाबातला फरक पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत गेला की नलिका उघडणारे स्नायू हतबल होतात. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे ही खोली सव्वा मीटरच्या जवळपास आली. डोके खाली करून सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारा पोहणारा तिथे सव्वा सेकंदात पोचतो. कळ येईपर्यंत थांबून मग कान मोकळे करू म्हणणाऱ्याने ती वेळ गमावलेली असते. अशा वेळी आणखी जोर लावण्यात अर्थ नसतो. एक-दोन मीटर वर यायचे, फरक कमी होऊ द्यायचा आणि मग पुन्हा प्रयत्न करायचा.

आता चिमटीत नाक धरण्याबद्दल. ही युक्ती बोलोन्याच्या अंतोनियो मारिया वाल्साल्वा याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा कानावरचा ग्रंथ १७०४ साली निघाला. त्याच्या डोक्यात पाणबुडे नव्हते. पडदा फाटून पू झालेल्या कानातून तो पू बाहेर ढकलण्यासाठी नाक-तोंड बंद करून छातीतून हवा दाबावी, असे त्याने सांगितले. आपल्या पिशवीच्या भाषेत, मोकळ्या टोकाकडून फुंकर मारून भिंती जबरदस्तीने उघडायच्या. उपाय चालतो, पण त्यात छातीचा दाब वाढतो, डोक्याकडच्या शिरांत रक्त तुंबते आणि जी नलिका उघडायची तिचेच अस्तर सुजते. शिवाय हा दाब अंतर्कर्णातील द्रवापर्यंत पोचतो. बंद नलिकेवर फार जोर केल्यास अंतर्कर्णाच्या गोल खिडकीवरचे नाजूक पटल फाटू शकते आणि त्यातून येणारे बहिरेपण कायमचे असू शकते.

दुसरी युक्ती हर्मान फ्रेंझेल या जर्मन हवाई दलाच्या डॉक्टरची. झेपावत खाली येणाऱ्या विमानांच्या वैमानिकांसाठी त्याने १९३८ मध्ये ती मांडली. यात छातीचा उपयोग नाही. नाक बंद करायचे, स्वरयंत्राची फट मिटायची आणि 'क' म्हणताना जिभेची मागची बाजू जशी उचलली जाते तशी उचलून तोंडातली थोडी हवा पंपाच्या दट्ट्यासारखी वर ढकलायची. लागणारी हवा अगदी कमी असते. मध्यकर्ण आणि त्याला जोडलेल्या हाडातल्या पोकळ्या मिळून आठ मिलिलिटर धरल्या, तर दहा मीटरवर, जिथे दाब दुप्पट होतो, तिथे पृष्ठभागावरची आणखी आठच मिलिलिटर हवा आत जावी लागते. म्हणजे तुटवडा हवेचा नाही, वाट उघडी असण्याचा आहे.

ती वाट आपल्याच स्नायूंनी उघडायची, ही तिसरी रीत. ब्रिटिश कर्णतज्ज्ञ जोसेफ टॉयन्बी याने १८५३ मध्ये दाखवून दिले की नलिका एरवी बंद असते आणि गिळताना उघडते. (हा टॉयन्बी १८६६ मध्ये कानातल्या गुणगुणीवर उपाय म्हणून स्वतःवरच क्लोरोफॉर्मच्या वाफेचा प्रयोग करताना मरण पावला.) उघडण्याचे काम मुख्यतः एक छोटा स्नायू करतो. तो नलिकेच्या पडद्यासारख्या भिंतीपासून निघतो, खाली येऊन हाडाच्या एका बारीक आकड्यावरून दोरी कप्पीवरून वळावी तसा वळतो आणि मृदू टाळूत पसरतो. तो आकसला की टाळू ताणला जातो आणि त्याच ओढीने नलिकेची भिंत बाजूला होते. टाळू उचलणारा दुसरा स्नायू त्याला मदत करतो. जांभई देताना आणि गिळताना हे दोघे काम करतात, पण गिळताना नलिका अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ उघडी राहते.

काही माणसांना हे स्नायू न गिळता, हवे तेव्हा आणि हवा तेवढा वेळ आकसता येतात. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांनी ही गोष्ट पद्धतशीर शिकवायला घेतली, आणि तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'नलिका आपल्या इच्छेने उघडी ठेवणे' असाच आहे. विहिरीवरचा आपला मुलगा हेच करत असतो. त्याची नलिका खाली जाताना उघडी असते किंवा दर अर्ध्या मीटरला उघडते, म्हणून फरक साचतच नाही आणि त्याला दुखत नाही.

हे जमते आहे की नाही ते कसे ओळखायचे? आरशासमोर बसा. ओठ मिटून, नाकाने श्वास चालू ठेवून, सभेत आलेली जांभई दाबताना घशाच्या मागच्या भागात जी हालचाल होते ती करून पाहा. मग तोंड उघडून तीच हालचाल करा आणि आरशात पडजिभेकडे लक्ष ठेवा. टाळू उचलला आणि ताणला जाताना दिसेल. कानात 'टक्' झाले तर नलिका उघडली. काहींना त्याबरोबर दूरच्या गडगडाटासारखा आवाज ऐकू येतो. तो कानातल्या हातोडीला ओढणाऱ्या स्नायूचा असतो. टाळू ताणणारा स्नायू आणि हा, दोघांना एकाच चेतातंतूची शाखा जाते, त्यामुळे ते बऱ्याचदा जोडीने आकसतात. नुसता गडगडाट म्हणजे नलिका उघडलीच असे नाही. खरी खूण निराळी. नलिका उघडी धरून 'म्' असा हुंकार द्या. आपलाच आवाज कानात घुमून मोठा झाला तर वाट उघडी आहे. काहींना हे पहिल्याच दिवशी जमते, काहींना महिनोन् महिने सरावाने जमते आणि काहींना कधीच जमत नाही. त्यात नलिकेच्या घडणीचा वाटा आहे, मुलाच्या हुशारीचा नाही. तेव्हा वर्गात याची स्पर्धा लावू नये.

हात मोकळे ठेवण्याचे महत्त्व पोटासाठी बुडी मारणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. इराणच्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे कासवाच्या कवचाचा किंवा शिंगाचा चिमटा नाकावर बसवत आणि तो दोरीने गळ्यात अडकवलेला असे. नाक चिमट्याने बंद, हात शिंपले तोडायला मोकळे. यात नलिका स्नायूंनी उघडतेच असे नाही, जिभेने ढकलूनही उघडता येते. आजही श्वास रोखून खोल जाणारे अनेक जण असाच चिमटा वापरतात. कल्ले न लावता, केवळ हातपायांनी पोहत जायच्या प्रकारात हात गुंतलेलेच असतात. या प्रकारात न्यूझीलंडच्या विल्यम ट्रब्रिजने २०१६ मध्ये बहामातील डीन्स ब्लू होल येथे १०२ मीटर खोली गाठली.

मात्र एवढ्या खोलीवर नलिका उघडी ठेवणेही पुरत नाही. वाट उघडी असली तरी तिच्या तोंडाशी पुरेशा दाबाची हवा हवी. बॉइलचा नियम लावून पाहा. सहा लिटर हवा भरून घेतलेली फुप्फुसे १० मीटरवर ३ लिटर, २० मीटरवर २ लिटर आणि ३० मीटरवर दीड लिटर होतात. जोराने उच्छ्वास केल्यावर फुप्फुसात उरते जवळपास तेवढीच ही हवा. याच्या खाली फुप्फुसांतून हवा घशात आणणे कठीण होत जाते. म्हणून खोल जाणारे त्याआधीच तोंडात हवा भरून घेतात आणि पुढचा सारा प्रवास त्या गालभर हवेवर करतात. याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. आकारमान निम्मे होण्याचा सर्वांत मोठा बदल पहिल्या दहा मीटरांत होतो. म्हणजे कानाची खरी कसोटी विहिरीच्या खोलीतच लागते. डोके खाली करून जाताना ती अधिक कठीण होते, कारण हवा वर, म्हणजे छातीकडे जाते आणि रक्त डोक्याकडे उतरते. दोर धरून पाय खाली सोडत उतरणाऱ्याला कान मोकळे करणे सोपे जाते ते यामुळेच.

सीलला यातले काहीच करावे लागत नाही. त्याच्या मध्यकर्णाच्या अस्तरात शिरांचे दाट जाळे असते. खोल जाताना ते रक्ताने फुगते आणि आकसलेल्या हवेची जागा भरून काढते.

कान मोकळे न करता हट्टाने खाली गेले तर काय होते? प्रथम कळ, मग मध्यकर्णाच्या अस्तरातून द्रव आणि रक्त पाझरते, आणि शेवटी पडदा फाटतो. किती खोलीवर, हे माणसागणिक बदलते, पण काहींचा पडदा दोन मीटरच्या आतबाहेरही फाटू शकतो. फाटताक्षणी कळ थांबते, कारण दाब सारखा होतो. मुलाला बरे वाटते, आणि धोका त्याच क्षणी सुरू होतो. विहिरीचे गार पाणी मध्यकर्णात शिरते. शेजारीच अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांच्या एका बाजूचा द्रव गार झाला की तो वाहू लागतो आणि डोके गरगर फिरत असल्याचा संदेश मेंदूकडे जातो. रोबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या डॉक्टरने रुग्णांचे कान गार पाण्याने धुताना त्यांना भोवळ येते हे पाहून याचा उलगडा केला, आणि त्याला १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दवाखान्याच्या खुर्चीत ही भोवळ त्रासदायक असते. गढूळ पाण्यात, श्वास रोखलेला असताना, वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होते. पट्टीचा पोहणारा मुलगा विहिरीत बुडाला की लोक निरनिराळी कारणे सांगतात. त्यातले हे एक कारण फारसे कुणाला ठाऊक नसते. अशा वेळी हातपाय मारत सुटू नये. दोर, पायरी, दगड जे हाती लागेल ते धरावे, थोडी हवा सोडावी आणि बुडबुडे जातात ती दिशा वर समजावी. आत शिरलेले पाणी शरीराच्या उष्णतेने कोमट होते तशी भोवळ ओसरते. आग्नेय आशियातील सागरवासी बजाऊ लोकांपैकी अनेकांचे पडदे लहानपणीच बुड्या मारताना फाटतात आणि उतारवयात त्यांना कमी ऐकू येते. 'फाटला तर फाटला, मग दुखत नाही' असा सल्ला आपल्याकडेही एखादा थोराड मुलगा देतो. तो कुणी ऐकू नये.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग टॉयन्बीच्या नावाचा आहे. नाक हलकेच दाबून धरा आणि आवंढा गिळा. कान किंचित दडल्यासारखे होतील, कारण गिळताना नलिका उघडली आणि बंद नाकामागे तयार झालेल्या कमी दाबाकडे मध्यकर्णातली थोडी हवा ओढली गेली. आता नाक सोडून पुन्हा गिळा, कान मोकळे होतील. दोन्ही वेळी नलिका उघडली ती स्नायूंनीच, बोटांनी नाही. सर्दी झालेल्या मुलांना यातून वगळावे, आणि सर्दी असताना कुणालाही बुडी मारू देऊ नये. नाक मोकळे करणाऱ्या थेंबांचा अंमल पाण्यात असतानाच उतरला तर हवा आत कोंडून राहते आणि मग वर येतानाही दुखते. स्नायूंचा सराव जमिनीवरच करावा. पाण्यात कुणीही एकट्याने श्वास रोखून सराव करू नये. बुडीआधी भराभर दीर्घ श्वास घेण्याची सवय तर मोडलीच पाहिजे. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यावासा वाटण्याआधीच प्राणवायू संपतो आणि मूल गुपचूप बेशुद्ध पडते.

एक प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. एकच कान आधी का उघडतो? दोन्ही बाजूंच्या नलिका क्वचितच अगदी सारख्या असतात. एखादी अरुंद, एखादी थोडी अधिक वळलेली. अडून बसलेला कान पृष्ठभागाच्या दिशेला येईल अशी मान कलती करावी. त्या बाजूचे घशाचे स्नायू ताणले जातात आणि बहुधा तोही उघडतो.